डॉ. भाभांचा विस्मृतीत गेलेला संगणक

डॉ. होमी भाभा यांचे नाव निघाले की वाशीच्या खाडीपुलावरून दिसणारी ट्रॉम्बेची टेकडी व तेथील अणुभट्ट्या आठवतात. भारतीय बनावटीचा पहिला सर्वोपयोगी इलेक्ट्रॉनिक संगणकही त्यांच्याच छत्राखाली तयार झाला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

१९०९ साली मुंबईत जन्मलेले भाभा केंब्रिजला अभियंता होण्यासाठी गेले आणि भौतिकशास्त्रज्ञ झाले. १९३९ साली सुटीवर आले असता महायुद्ध पेटले व ते मायदेशीच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. तेथे प्रा. आर. नरसिंहन यांच्या गटाने घडविलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला; १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, शब्द ४० बिटांचा होता आणि आज्ञा छिद्रित कागदी पट्टीवरून दिल्या जात.

१९६४ साली संस्थेत अमेरिकन 'सीडीसी ३६००' आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा, आज्ञासंचही निराळा. मोडीतले दफ्तर केवळ बालबोध जाणणाऱ्या कारकुनापुढे ठेवावे, तशी टिफ्रॅकची आज्ञावली त्याच्यापुढे निरर्थक होती. शिवाय येथे नुसत्या लिप्यंतराने भागत नाही. स्मृतीची मांडणी बदलली की हिशेबाची रचनाच नव्याने करावी लागते. फोरट्रानसारख्या भाषेतील आज्ञावली बरीचशी तरून जाते. ऑपरेटिंग सिस्टिमला ती सवलत नाही, कारण यंत्राच्या अंतरंगाशी थेट व्यवहार करणे हेच तिचे काम. १९७३ साली 'युनिक्स' सी भाषेत नव्याने लिहिली गेली, तेव्हा स्थलांतराचा हा खर्च पुष्कळ उतरला. संपला मात्र नाही.

यंत्राची किंमत ताळेबंदात दिसते, त्यावरील आज्ञावल्यांत मुरलेले श्रम दिसत नाहीत. तरीही परकीय यंत्र आणून भाभांनी स्वदेशीचा त्याग केला, हा आक्षेप मला अन्यायकारक वाटतो. टिफ्रॅक सुरू झाला तेव्हाच जगात ट्रान्झिस्टरचे युग अवतरले होते. शिवाय चीनयुद्धानंतर, १९६३ साली नेमलेल्या इलेक्ट्रॉनिक्स समितीचे अध्यक्षपद स्वीकारून ते स्वावलंबनाचीच आखणी करीत होते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला. समितीचा अहवाल त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात आला.

आजच्या 'शक्ती' आणि 'वेगा' या भारतीय प्रक्रियकांसाठी 'रिस्क-फाइव्ह' हा खुला आज्ञासंच निवडला गेला आहे. 'लिनक्स' त्या संचावर आधीच चालत असल्याने तिचा गाभा पुन्हा लिहावा लागत नाही. प्रत्येक नव्या यंत्राच्या उपकरणांपुरते जुळवणीचे काम उरते.