सातारची छावणी आणि भीमराव आंबेडकरांचे बालपण

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जडणघडणीचा विचार करताना मुंबई, न्यूयॉर्क व लंडन या महानगरांचा उल्लेख प्राधान्याने होतो. तथापि त्यांच्या आठवणींतील पहिले शहर सातारा होय. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले व पुढे साताऱ्यास आले. येथेच आई भीमाबाईंचे निधन झाले आणि मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला.

लष्करी छावणीच्या आधाराने वाढलेली ही वस्ती जुन्या गावगाड्याहून वेगळी होती. गावोगावचे निवृत्त शिपाई, निरनिराळ्या धर्मांची व भाषांची माणसे तेथे एकत्र आली होती. सैन्यातील शाळेत शिक्षक राहिलेल्या, कबीरपंथी रामजींच्या घरात वाचन-पाठांतराची शिस्त होती. निवृत्तिवेतन, नेटका पोशाख, मराठीखेरीज उर्दूवर प्रभुत्व हा छावणीजीवनाचा लाभ भीमरावांना लहानपणीच मिळाला. मात्र १८९० नंतरच्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली आणि ज्या मार्गाने हे कुटुंब वर आले, तोच मार्ग पुढील पिढीला बंद झाला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट रोज घरून आणून परत न्यावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. शिपाई नसला तर पाणी नसे. शहरात न्हावी होते, परीट होते, कुटुंबाची पैसे देण्याची ऐपतही होती. तरी केस कापणे व कपडे धुणे ही कामे बहिणींनाच करावी लागत. याच शाळेत आंबेडकर आडनावाच्या एका ब्राह्मण शिक्षकांनी मात्र या विद्यार्थ्यावर माया केली, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे.

१९०१ साली रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे जाण्यासाठी भीमराव, त्यांचे बंधू व भाचा नवे कपडे, जरीच्या टोप्या व नवे जोडे घालून निघाले आणि पुणे-मिरज रेल्वेमार्गावरील मसूर स्थानकावर उतरले. पोशाखावरून स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणांची मुले मानले. जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवानांनी नकार दिला. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी हाकावी व गाडीवानाने बाजूने चालावे, असे ठरले. शिदोरी सोबत होती, पाणी नव्हते. गाडीवानाच्या सल्ल्यावरून भीमरावांनी जकातनाक्यावर स्वतःला मुसलमान म्हणवून उर्दूतून पाणी मागितले. तेही मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली. मुलांच्या येण्याची सूचना नोकराच्या हयगयीमुळे वडिलांपर्यंत पोचलीच नव्हती.

या प्रसंगाचे मर्म येथेच आहे. अस्पृश्यता म्हणजे काय, हे भीमरावांना शाळेत ठाऊक झाले होते. पण तेथे ते अंगवळणी पडले होते. मसूरच्या वाटेवर पैसा, पोशाख आणि भाषा ही छावणीने दिलेली तिन्ही साधने एकामागून एक निरुपयोगी ठरली. दारिद्र्य वा अडाणीपण हे अस्पृश्यतेचे कारण नव्हे, हा त्यांच्या पुढील विचाराचा गाभा या अनुभवात बीजरूपाने दिसतो.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस परळला गेले. पुढे सुमारे तीन दशकांनी बाबासाहेबांनी या आठवणी इंग्रजीत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात लिहिल्या. परदेशी वाचकांना अस्पृश्यतेचे दैनंदिन स्वरूप कळावे, हा त्यामागील हेतू होता. त्यामुळे निवेदनात हळवेपणा नाही. साक्षीदाराचा काटेकोरपणा आहे.

हे टिपण पुस्तिकारूपाने १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीचे शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' (१९८१) वाचकांपुढे आले होते. लेखनकाळाने आधीचे असलेले हे स्मरणलेखन वाचकांच्या हाती मात्र नंतर पडले. दलित आत्मकथनाची परंपरा अभ्यासताना हा कालक्रम ध्यानात घेतला, तर सातारच्या त्या बालपणाचे वाङ्मयीन मोलही स्पष्ट होते.