चार आवाज, एक वचन : क्लोद गूदिमेल

रविवारच्या उपासनेत गायकवर्ग उभा राहतो आणि सोप्रानो, आल्टो, टेनर व बास हे चार आवाज एका गीतात मिळतात, तेव्हा आम्हांला क्लोद गूदिमेल यांची आठवण होते.

आज फ्रान्समध्ये असलेल्या बझाँसों शहरी, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा जन्म झाला. १५४९ साली ते पॅरिसच्या विद्यापीठात शिकत होते. तेथेच संगीताची पुस्तके छापणाऱ्या निकोला द्यू शमँ यांच्याकडे ते मुद्रिते तपासू लागले व पुढे त्यांचे भागीदार झाले. त्या वेळी ते रोमन कॅथलिक होते. लॅटिन मिस्सांनाही त्यांनी संगीत दिले.

त्या काळच्या विद्वान संगीताची रीत अशी : एका आवाजाने सुरावट उचलावी, थोड्या वेळाने दुसऱ्याने तीच धरावी, मग तिसऱ्याने. ऐकावयास ते गोड. परंतु एकाच वेळी चौघांच्या मुखी निरनिराळे शब्द असत. वचन कळणे कठीण, आणि गावयास कसलेले गायकच हवेत. १५५१ पासून गूदिमेल यांनी काही स्तोत्रे याच रीतीने रचली.

पुढे ते मेस शहरी प्रॉटेस्टंट लोकांत राहू लागले व १५६० च्या सुमारास त्यांनी तो विश्वास पत्करला. १५६२ साली जिनीव्हात सर्व १५० स्तोत्रांचा फ्रेंच पद्यसंग्रह पुरा झाला. त्याचे शब्द क्लेमाँ मारो व थिओडोर बेझा यांचे. तेथील उपासनेत सारी मंडळी ती स्तोत्रे वाद्यावाचून, एकाच सुरात गात असे. आपल्याकडे शंभराव्या स्तोत्राची म्हणून ओळखली जाणारी जुनी चाल याच संग्रहातील. तेथे ती १३४ व्या स्तोत्राला आहे.

१५६५ साली गूदिमेल यांनी ही सर्व स्तोत्रे चार आवाजांत अगदी सोपी करून बसविली. चौघांनी प्रत्येक शब्द एकदमच उच्चारावयाचा, आणि ओळखीची चाल बहुधा टेनरकडे. हे मंडळीच्या उपासनेत गाण्यासाठी नव्हे, तर लोकांनी आपल्या घरी देवाच्या ठायी आनंद करावा म्हणून आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले. अवघड रीत हाती असूनही त्यांनी साध्या कुटुंबांसाठी सोपी रीत निवडली.

२४ ऑगस्ट १५७२, संत बर्थलमयाच्या दिवशी पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल सुरू झाली. काही दिवसांतच ती लिओं शहरी पोचली. गूदिमेल तेव्हा तेथे होते. ऑगस्ट संपण्यापूर्वी इतर बांधवांबरोबर तेही मारले गेले.

मारणाऱ्यांना ते गीत मात्र थांबविता आले नाही. १५७३ साली आम्ब्रोसियुस लोबवासर यांची जर्मन स्तोत्रे गूदिमेल यांच्याच संगीतासह छापली गेली. घरासाठी रचलेले हे गायन पुढे स्वित्झर्लंडच्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत गाइले गेले.

रविवारच्या शाळेतील शिक्षकहो, गायन कितीही उत्तम असो, शब्द कळला नाही तर काय उपयोग? आणि रविवारी शिकविलेले गीत मुलाने सोमवारी घरी गाइले, तरच ते खरोखर त्याचे झाले.