अंधांस अक्षर देणारा लुई ब्रेल

परीक्षेच्या दिवशीं उत्तरपत्रिका गोळा करण्यापूर्वीं शिक्षक मुलांस एक सूचना नेहमीं देतात, ती ही कीं, लिहिलेलें एकदां वाचून पाहा. ही सूचना आपल्या इतकी परिचयाची झाली आहे कीं, तींत कांहीं विशेष आहे असें कोणास वाटत नाहीं. परंतु आपण लिहिलेलें आपल्यास वाचतां येणें, व त्यांतील चूक आपल्याच हातानें सुधारतां येणें, ही केवढी थोर देणगी आहे, हें जाणावयाचें असेल तर अंधजनांच्या पूर्वस्थितीचा विचार केला पाहिजे. हजारों वर्षें ते या देणगीवांचून राहिले. त्यांची ही उणीव ज्यानें भरून काढिली तो कोणी राजा नव्हता कीं मोठा पंडित नव्हता. तो एका खेडेगांवच्या जिनगराचा आंधळा मुलगा होता. त्याचें नांव लुई ब्रेल.

पॅरिस शहराच्या पूर्वेस वीस-पंचवीस मैलांवर कूव्रे नांवाचें एक खेडें आहे. तेथें ता. ४ जानेवारी १८०९ रोजीं लुईचा जन्म झाला. त्याचा बाप सिमाँ-रने हा आसपासच्या शेतकऱ्यांच्या घोड्यांचीं खोगिरें, लगाम व पट्टे तयार करून कुटुंबाचा निर्वाह करीत असे. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. तीन वर्षांचा असतां एके दिवशीं तो बापाच्या कामाच्या खोलींत शिरला, आणि चामड्यास भोंक पाडण्याची आरी हातांत घेऊन बापाची नक्कल करूं लागला. आरी चामड्यावरून निसटली ती थेट त्याच्या डोळ्यांत गेली. जखम निर्दोष राखण्याची विद्या त्या काळीं वैद्यांस अवगत नव्हती. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यासहि तिची बाधा झाली, आणि पांच वर्षांचा होतो न होतो तोंच लुई पूर्णपणें अंध झाला.

त्या काळीं गरिबाच्या आंधळ्या मुलानें बाजारांत किंवा देवळाच्या दाराशीं हात पसरावा, असाच बहुधा लोकव्यवहार असे. परंतु लुईचे आईबाप निराळ्या बाण्याचे होते. फळीवर खिळे ठोकून बापानें त्यास अक्षरांचे आकार बोटांनीं शिकविले, असें सांगतात. गांवचे धर्मगुरु आबे पालुई यांनीं त्यास आपल्यापाशीं बसवून फुलें वासावरून व पक्षी स्वरावरून ओळखावयास शिकविलें, आणि त्यांच्याच शब्दावरून शाळामास्तर बेशरे यांनीं त्यास इतर मुलांबरोबर वर्गांत घेतलें. लुई केवळ ऐकून शिके, तरी तो वर्गांत पुढें असे. पुढें याच हितचिंतकांच्या खटपटीनें इ. स. १८१९ च्या फेब्रुवारींत, दहा वर्षांचा असतां, पॅरिस येथील अंध मुलांच्या राजकीय विद्यालयांत त्याचा प्रवेश झाला.

हें विद्यालय व्हॅलेंटिन आयुई नांवाच्या परोपकारी गृहस्थानें अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापिलें होतें. आयुईनें ओल्या जाड कागदावर रोमन अक्षरें दाबून उठावदार छापण्याची युक्ति काढिली होती, व अंधांसहि वाचतां येतें हें तिच्या योगें त्यानें जगास प्रथम दाखवून दिलें. त्याचे हे उपकार मोठे होत. तथापि त्या पद्धतींत दोन मोठे दोष होते. पहिला दोष असा कीं, प्रत्येक अक्षराच्या रेघेवरून बोट फिरवून त्याचा आकार ओळखावा लागे. अक्षर मोठें असल्यामुळें एका पानांत थोडाच मजकूर मावे, पुस्तकें अवजड व महाग होत, आणि वाक्याच्या अखेरीस पोहोंचेपर्यंत त्याचा आरंभ वाचणारा विसरून जाई. दुसरा दोष याहून मोठा होता. हीं अक्षरें अंध मुलास स्वतः लिहितां येत नसत. दुसऱ्यानें छापिलेलें तो कष्टानें वाची. परंतु आपल्या मनांतील चार शब्द कागदावर उतरवून ते बरोबर उतरले कीं नाहीं, हें पाहण्याचें साधन त्याजपाशीं नव्हतें.

इ. स. १८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नांवाचा एक लष्करी अधिकारी विद्यालयांत आला. त्यानें उठावदार टिंबांची एक लिपि रचिली होती. तींत रेघा मुळींच नव्हत्या. टोचणीनें कागदावर टिंबें उठवावयाचीं व बोटानें तीं चांचपावयाचीं, एवढेंच काम. लुईनें त्या टिंबांवरून बोट फिरविलें तेव्हांच त्याची खात्री झाली कीं, अंधाच्या बोटास रेघ नको, टिंब पाहिजे. परंतु बार्बिएच्या लिपींतील उणीवाहि त्याच्या लवकरच ध्यानांत आल्या. एकेका चिन्हास बारा टिंबांपर्यंत जागा लागे. ती बोटाच्या एका स्पर्शांत मावत नसे, म्हणून बोट वरखालीं हलवावें लागे. शिवाय ती लिपि केवळ उच्चारांची होती; शब्दांचें शुद्धलेखन, विरामचिन्हें, अंक व संगीत यांची सोय तींत नव्हती.  दिवसाचे तास संपल्यावर, रात्रीं इतर मुलें निजलीं असतां, आणि सुटींत गांवीं गेल्यावर, तो पाटी व टोचणी घेऊन बसे आणि टिंबांच्या रचना करून पाही. अशीं तीन वर्षें गेलीं. इ. स. १८२४ मध्यें, वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्याची लिपि बहुतांशीं सिद्ध झाली.

या लिपीची रचना विद्यार्थ्यांनीं नीट समजून घेण्याजोगी आहे. उभ्या दोन ओळी, प्रत्येकींत तीन टिंबें, मिळून सहा टिंबांची जागा. ती बोटाच्या टोंकाखालीं एकदम मावते. प्रत्येक ठिकाणीं टिंब असावयाचें किंवा नसावयाचें, एवढेंच. या दोन स्थितींपासून चौसष्ट आकार होतात. त्यांतील एक अगदीं रिकामा, तो शब्द तोडण्यास उपयोगी पडतो. हे आकार त्यानें अक्षरांस मनास येतील तसे वांटले नाहींत. पहिल्या दहा अक्षरांस त्यानें केवळ वरचीं चार टिंबें योजिलीं. पुढील दहा अक्षरें म्हणजे तींच पहिलीं दहा, फक्त डाव्या ओळींतील खालचें टिंब अधिक. त्यापुढील अक्षरांस खालचीं दोन्ही टिंबें अधिक. म्हणजे दहा आकार व दोन नियम ध्यानांत ठेविले कीं सगळी वर्णमाला हातीं आली. अंकांसाठीं निराळे आकार न घेतां एक खूण पुढें ठेवावयाची, कीं तिच्यामागून येणारें अक्षर अंक समजावें. आरंभीं कांहीं ठिकाणीं त्यानें टिंबांबरोबर लहान रेघाहि घेतल्या होत्या. परंतु त्या सोयीच्या नाहींत असें अनुभवास येतांच त्यानें त्या सोडून दिल्या. स्वतःच्या कृतींतील अनावश्यक भाग आपणच काढून टाकणें हें मोठ्या मनाचें लक्षण होय.

ही लिपि लिहावयाची तीहि सोपी. खांचा असलेल्या पाटीवर कागद ठेवून उजवीकडून डावीकडे टोचणीनें टिंबें दाबीत जावयाचें, आणि कागद उलटला कीं तींच टिंबें वर उठून डावीकडून उजवीकडे वाचतां येतात. अशा रीतीनें अंध मुलगा प्रथमच लेखकहि झाला आणि आपल्या लेखनाचा तपासनीसहि झाला. नियम थोडे असल्यामुळें कोठें टिंब चुकलें आहे हें बोटास तत्काळ कळतें. वाचन वेगानें होतें तें याच कारणानें.

ब्रेल याच विद्यालयांत प्रथम साहाय्यक व पुढें इ. स. १८३३ मध्यें पूर्ण शिक्षक झाला. इ. स. १८२९ मध्यें त्यानें आपल्या पद्धतीचें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्यांत बार्बिएचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें. तो उत्तम ऑर्गनवादकहि होता, व पॅरिसमधील चर्चमध्यें उपासनेच्या वेळीं वाजवीत असे. संगीताचे स्वरहि याच सहा टिंबांत लिहिण्याची सोय त्यानें केली. इ. स. १८३७ मध्यें फ्रान्सच्या इतिहासाचे तीन भाग विद्यालयांत या लिपींत छापले गेले.

परंतु डोळस अधिकाऱ्यांस ती लिपि पसंत नव्हती. त्यांस वाचतां न येणारी लिपि मुलांनीं शिकावी, म्हणजे अंध आणि डोळस यांच्यामध्यें भिंत उभी राहील, असें त्यांचें म्हणणें होतें. हा आक्षेप अगदींच निराधार नव्हता. त्यास उत्तर म्हणून ब्रेलनें इ. स. १८३९ मध्यें टिंबांनींच रोमन अक्षरांचे आकार काढण्याची दुसरी एक पद्धति प्रसिद्ध केली, तिच्या योगें अंध मुलास घरच्या माणसांना पत्र लिहितां यावें. तरीहि इ. स. १८४० नंतर नव्या मुख्याधिकाऱ्यानें विद्यालयांतून ब्रेलची लिपि काढून टाकिली. कित्येक पुस्तकें जाळण्यांतहि आलीं, असें सांगतात. मुलांनीं मात्र ती सोडली नाहीं. तीं चोरून लिहीत, चोरून वाचीत, व मोठीं मुलें लहानांस शिकवीत. अखेरीस साहाय्यक मुख्याधिकारी गादे याची खात्री पटली, व त्यानें मुख्याधिकाऱ्याचें मन वळविलें. इ. स. १८४४ च्या फेब्रुवारींत नव्या इमारतीचा समारंभ झाला. त्या वेळीं लोकांसमक्ष एका अंध मुलास मजकूर सांगून तो टिंबांत लिहविण्यांत आला, आणि सांगतेवेळीं तेथें हजर नसलेल्या दुसऱ्या मुलास बोलावून तो त्याच्याकडून वाचविण्यांत आला. मजकूर जसाच्या तसा निघाला. मग कोणास कांहीं म्हणावयास जागा राहिली नाहीं.

ब्रेलची प्रकृति तेव्हां पार खालावली होती. विद्यालयाच्या जुन्या दमट इमारतींत तारुण्यांतच त्यास क्षयाची बाधा झाली होती. ता. ६ जानेवारी १८५२ रोजीं, त्रेचाळीस वर्षें पूर्ण होऊन दोनच दिवस झाले असतां, तो निवर्तला. त्याच्यामागें एक पेटी राहिली होती. न उघडतां जाळावी, अशी त्याची इच्छा होती. ती उघडली तेव्हां आंत गरीब विद्यार्थ्यांस उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या, असें सांगतात. त्या कोणाकडूनहि वसूल होऊं नयेत एवढाच त्याचा हेतु होता.

त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, इ. स. १८५४ मध्यें, फ्रान्सनें त्याची लिपि अधिकृत रीतीनें स्वीकारिली, व इ. स. १८७८ मध्यें पॅरिस येथील परिषदेनें ती इतर देशांसाठीं मान्य केली. आपल्या देशांत अंधांची पहिली शाळा इ. स. १८८७ मध्यें अमृतसर येथें मिस ॲनी शार्प या मिशनरी बाईंनीं काढिली. पुढें मुंबईंतहि अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांनीं अशी शाळा सुरू केली. हिंदी भाषांसाठीं निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या टिंबलिप्या निघाल्यामुळें कांहीं काळ मोठा घोंटाळा होता. तो इ. स. १९५१ मध्यें भारती ब्रेल या एका लिपीनें मिटला. मराठी मुलगा ‘क’ लिहितो तेव्हां फ्रान्समधील मुलगा ‘के’साठीं जीं टिंबें उठवितो, तींच तो उठवितो. इ. स. १९५२ मध्यें फ्रान्सनें ब्रेलच्या अस्थि पॅरिसच्या पँथिऑन या स्मारकमंदिरांत सन्मानपूर्वक नेल्या. त्याचे हात मात्र कूव्रे येथेंच ठेविले आहेत.

आजच्या युगांतील संगणक हाहि एका अर्थीं आंधळाच आहे. त्यास अक्षर दिसत नाहीं. असणें आणि नसणें, अशा दोनच खुणा त्यास कळतात. अशा आठ खुणांच्या गटास बाइट म्हणतात. जगांतील लिप्यांसाठीं सध्यां प्रचारांत असलेली यूटीएफ-८ नांवाची पद्धति इ. स. १९९२ मध्यें अमेरिकेंत केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं रचिली. तींत साध्या रोमन अक्षरास एक बाइट लागतो, आणि आपल्या देवनागरींतील प्रत्येक चिन्हास तीन लागतात. गटाचा पहिला बाइट पुढें आणखी किती येणार हें सांगतो, जशी ब्रेलची अंकाची खूण पुढील अक्षराविषयीं सांगते. आणि मागून येणाऱ्या प्रत्येक बाइटाच्या आरंभीं एक ठराविक खूण असते. दुसरीकडून आलेला मजकूर स्वीकारण्यापूर्वीं तो तपासणारा लहानसा प्रोग्राम सी नांवाच्या संगणक-भाषेंत लिहितात. पहिल्या बाइटानें सांगितले तितके बाइट आले काय, गट मधेंच तुटला काय, एका बाइटांत मावणारें चिन्ह उगाच दोन बाइटांत तर लिहिलें नाहीं ना, असे मोजके प्रश्न तो विचारतो. मजकुराचा अर्थ खरा कीं खोटा हें त्यास कळत नाहीं. आकार नियमास धरून आहे कीं नाहीं एवढेंच तो पाहतो. परंतु ही पारख झाली नाहीं तर पडद्यावर अक्षरांच्या जागीं निरर्थक चौकोन उमटतात, व कधीं कधीं अपायकारक मजकूरहि वेष पालटून आंत शिरतो. नियम थोडे व निश्चित असल्यामुळें तो प्रोग्राम कांहीं थोड्या ओळींचा असूं शकतो, व तो अतिशय वेगानें चालतो. इ. स. १९९९ पासून ब्रेलचीं टिंबेंहि युनिकोड या जागतिक वर्णसंग्रहांत समाविष्ट झालीं आहेत, आणि तींहि याच तपासणींतून जातात.

विद्यार्थिमित्रहो, पंधरा वर्षांच्या त्या मुलापाशीं द्रव्य नव्हतें, अधिकार नव्हता व दृष्टीहि नव्हती. जें नको तें काढून टाकण्याचें धैर्य आणि जें राहिलें तें पुनःपुन्हां तपासून पाहण्याची चिकाटी, एवढेंच त्याजपाशीं होतें. तुमच्यापाशीं डोळे आहेत. यापुढें उत्तरपत्रिका देण्यापूर्वीं शिक्षकांची ती जुनी सूचना कानीं पडेल, तेव्हां कंटाळूं नका. ज्या मुलांनीं तेवढ्या एका अधिकारासाठीं चोरून टिंबें टोचलीं, त्यांची आठवण करा, आणि आपलें लिहिणें शांतपणें एकदां वाचून पाहा.