गुरुत्वाकर्षणाचे कोडे सोडविणारे आइन्स्टाइन

आल्बर्ट आइन्स्टाइन यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म या गावी झाला. पदवी मिळूनही त्यांना अध्यापकाची जागा मिळेना. अखेर १९०२ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पेटंट कचेरीत नोकरी धरली.

तेथेच १९०७ मध्ये त्यांच्या मनात एक विचार चमकून गेला. उंचावरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही! विद्यार्थी मित्रांनो, तळाला भोक असलेला पाण्याचा डबा हातातून सोडून पाहा. खाली पडत असेपर्यंत त्यातून पाणी गळत नाही, कारण डबा व पाणी एकाच वेगाने पडतात. मग गुरुत्वाकर्षण ही खरोखर ओढ आहे काय?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी आठ वर्षे झिजावे लागले. मार्सेल ग्रॉसमान या वर्गमित्राने त्यांना रीमानच्या वक्र भूमितीची वाट दाखविली. १९१३ मध्ये दोघांनी मांडलेला सिद्धांत बुधाच्या कक्षेशी जुळेना. आइन्स्टाइन यांनी स्वतःच उभारलेली ती इमारत निःसंकोचपणे मोडली आणि २५ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिन येथे अंतिम समीकरणे सादर केली.

त्यांचे मर्म असे : विषुववृत्तावरून दोन प्रवासी एकमेकांना समांतर, सरळ उत्तरेकडे निघाले, तरी ध्रुवावर त्यांची गाठ पडते. त्यांना कोणी ओढत नाही. भूपृष्ठच वक्र आहे. त्याचप्रमाणे सूर्याच्या वस्तुमानाने अवकाश आणि काल यांचे मिळून झालेले विश्व वक्र होते, आणि पृथ्वी त्यातील शक्य तितक्या सरळ वाटेने चालते. त्या वाटेलाच आपण कक्षा म्हणतो.

बुधाच्या कक्षेतील शतकाला ४३ विकलांचा न उलगडलेला फरक या गणिताने अचूक दिला. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन आदी इंग्रज ज्योतिर्विदांनी घेतलेल्या छायाचित्रांत ताऱ्यांचे किरणही सूर्याजवळ वाकलेले आढळले.

ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना मायदेश कायमचा सोडावा लागला. १८ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे ते निवर्तले. त्यांनी भाकीत केलेल्या गुरुत्वीय लहरी २०१५ मध्ये प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. अशाच लहरी टिपणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. आपले चुकलेले गणित पुसून पुन्हा मांडण्याची त्यांची चिकाटी प्रत्येक विद्यार्थ्याने अंगी बाणवावी.