एडविन आर्मस्ट्राँग आणि मोटारीतला रेडिओ

हौशी बिनतारी संदेशवाहक, म्हणजे 'हॅम', आपल्या मोटारीत ॲम्प्लिफायर बसवतात. हातातल्या छोट्या संचाची चार-पाच वॉटची शक्ती त्यामुळे तीस-चाळीस वॉटपर्यंत वाढते. १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दोन्ही पट्ट्यांवर चालणाऱ्या या यंत्रणेचा पाया मुख्यतः एका माणसाने घातला. त्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणी संधिवाताच्या तापाने त्यांना गाठले. त्यातून अंगाला अनैच्छिक झटके देणारा मज्जाविकार जडला. दोन वर्षे शाळा सुटली आणि ताण आला की खांदा व मान उडण्याची खोड आयुष्यभर राहिली. एकट्याने रमणारा हा मुलगा योंकर्स येथील घराच्या माळ्यावर बिनतारी यंत्रे जोडू लागला.

कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना १९१२ मध्ये त्यांना पहिला मोठा शोध लागला. ली डी फॉरेस्ट यांनी बनवलेल्या तीन अग्रांच्या निर्वात नळीतून बाहेर पडणारा संकेत पुन्हा तिच्याच आत सोडला, तर तो अनेक पटींनी वाढतो, असे त्यांना आढळले. प्रमाण आणखी वाढवले, की हीच नळी स्वतः लहरी निर्माण करते, म्हणजे प्रक्षेपक बनते. आजही ॲम्प्लिफायर बसवताना बाहेर जाणारी शक्ती उलट आत शिरू नये म्हणून काळजी घेतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन दलात पॅरिसला असताना, १९१८ मध्ये, त्यांनी 'सुपरहेटरोडाइन' मंडल विकसित केले. येणारी उच्च कंप्रता स्थानिक लहरीत मिसळून एका ठरावीक, कमी कंप्रतेवर आणायची आणि तेथे तिचे वर्धन करायचे, ही त्यातली युक्ती. पुढे बहुतेक सर्व रेडिओ याच पद्धतीने बनू लागले.

तरीही खरखर उरली होती. वीज चमकली किंवा इंजिनातली ठिणगी उडाली, की लहरीचा आयाम बिघडतो आणि आवाजात खरखर मिसळते. मोटारीत तर हा त्रास सततचा. आर्मस्ट्राँग यांनी आयाम स्थिर ठेवून कंप्रताच बदलायची आणि त्यासाठी रुंद पट्टा वापरायचा, असे ठरवले. या 'एफएम' पद्धतीची पेटंटे त्यांना २६ डिसेंबर १९३३ रोजी मिळाली. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी गाड्यांत एफएम संच बसवले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रणगाड्यांतही ते आले. युद्धकाळात आर्मस्ट्राँग यांनी आपली पेटंटे सैन्याला मोफत वापरू दिली.

न्यायालयांनी मात्र त्यांना थकवले. पहिल्या शोधाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९३४ मध्ये डी फॉरेस्ट यांना दिला. १९४५ मध्ये एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून ८८ ते १०८ वर हलवला गेला आणि जुने संच निरुपयोगी ठरले. आरसीए कंपनीविरुद्धचा पेटंटांचा दावा १९४८ पासून रेंगाळला. पैसा संपत आला, प्रकृती खालावली, संसारही तुटला. ३१ जानेवारी १९५४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

पत्नी मॅरियन यांनी लढा सोडला नाही. आरसीएने त्याच वर्षी तडजोड केली आणि १९६७ पर्यंत उरलेले दावेही एकेक करून जिंकले गेले. न्यायालयाने हक्क मान्य केला तेव्हा तो ऐकायला आर्मस्ट्राँग नव्हते. मोटारीत गाणे किंवा हॅमचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, तो मात्र त्यांच्याच पद्धतीने.