बेंजामिन फ्रँकलिन यांना विजेचा झटका बसला तेव्हा काय झालं?

१७०६ मध्ये बोस्टनला जन्मलेले फ्रँकलिन यांची शाळा दहाव्या वर्षी सुटली. छपाईच्या व्यवसायात नाव कमावल्यावर चाळिशीत ते विजेच्या प्रयोगांकडे वळले. २३ डिसेंबर १७५० रोजी दोन मोठ्या लीडन जारमध्ये साठवलेल्या विजेने ते टर्की मारणार होते. पण एक हात वरच्या तारांना लागला, दुसऱ्या हातात बाहेरून जोडलेली साखळी होती. वीज त्यांच्याच अंगातून गेली, भान हरपलं. लाज वाटूनही दोन दिवसांत त्यांनी पत्र लिहून प्रयोग करणाऱ्या मित्राला सावध करायला सांगितलं. १७९० मध्ये ते वारले.

लीडन जार हा कपॅसिटरचा पूर्वज. म्हणून आज कुहीतल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही लक्षात ठेवा: स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज उरू शकते. शिक्षकांसमोर ती आधी डिस्चार्ज करा, मगच हात लावा.