सूर्योदय आणि नांदगावचे गणेश दैवज्ञ

मंडळी, गेल्या सेमिस्टरला रूमवर बसून मी सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. कमांड लाइनवर अक्षांश आणि तारीख द्यायची, एंटर मारायचं, की सूर्योदय-सूर्यास्त हजर! पुण्याचे १८.५ अंश आणि २१ जून टाकलं, तर वेळेच्या जागी ‘नॅन’. अख्खी रात्र गेली. चूक साधीच होती. सीमधलं टॅन रेडियन मागतं, मी अंश देत होतो. ते सुधारलं, पण व्हायव्हात सरांनी सूत्र आलं कुठून असं विचारलं आणि माझी बोलती बंद. सूत्र उतरवलेलं होतं ना!

त्याच धक्क्यात लायब्ररी गाठली आणि तिथे गणेश दैवज्ञ भेटले.

गाव कोकणातलं नांदगाव. जन्म १५०७ चा मानतात. वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध घेणारे, त्यामुळे गुरू घरातच. गणेशांच्या ‘ग्रहलाघवा’तलं गणित शके १४४२, म्हणजे १५२० पासून सुरू होतं. वय मोजा, तेरा! आपण तेव्हा आठवीत होतो.

कलियुगारंभापासून दिवस मोजले तर आकडा सोळा लाखांवर जातो. त्यांनी अकरा वर्षांची, ४०१६ दिवसांची चक्रं पाडली. आकडे आटोक्यात आले. शिवाय ज्या-कोज्या, म्हणजे आपले साइन-कोसाइन, त्यांनी ग्रंथातून हद्दपारच केले.

दिवस किती मोठा, हे काढायची त्यांची रीत बघा. विषुवदिनी भर दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची सावली मोजायची. पुण्यात ती साधारण चार अंगुळं भरते. तिला १०, ८ आणि १०/३ ने गुणायचं. ४०, ३२ आणि १३, बेरीज ८५ पळं. एक पळ २४ सेकंदांचं, म्हणजे झाली ३४ मिनिटं. सर्वांत मोठ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ तेवढी वाढ, म्हणून दिवस १३ तास ८ मिनिटांचा. माझा प्रोग्राम १३ तास १४ मिनिटं म्हणतो, कारण त्यात हवेतलं वक्रीभवन आणि सूर्यबिंबाची वरची कड धरली आहे.

पुढे १५४५ मध्ये त्यांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तीत रीतींच्या उपपत्ती दिल्या. म्हणजे पंचांग करणाऱ्यासाठी सोपी रीत देणाऱ्या या माणसाला तिच्यामागचं अवघड गणित पक्कं ठाऊक होतं. माझं नेमकं उलटं झालं होतं.

आता ती उपपत्ती वहीत स्वतः मांडली आहे. सर, पुन्हा विचारा!